शेवटचं कोण?

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती रात्रीची केली असती.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, वारा लागतो, निदान एखादं वठलेलं झाड तरी लागतं. माझ्या गोष्टीत रविवारची दुपार आहे, डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि खिम्याच्या गोळ्यांचं सूप आहे. माझा इलाज नाही. घडलं तसं सांगतो.

जेवताना वाचत असाल तर ताट बाजूला सारा. मागाहून तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

नोव्हेंबर महिना होता. आमचं वीटवेर्ट हे गाव फ्रीसलंड प्रांताच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या बांधाआड दडून बसलेलं. चर्च सुटलं होतं आणि दर रविवारसारखा मी थोरल्या भावाकडे, डौवेकडे, कॉफीला गेलो होतो.

डौवे वाम मासे पकडायचा. सापासारखा लांब आणि बुळबुळीत मासा. त्याची कातडी सोलायला एका फळीला खिळा ठोकलेला असतो. त्यात डोकं अडकवायचं आणि कातडी मोज्यासारखी खाली ओढायची. त्याच गंजक्या खिळ्यानं डौवेचं बोट फाडलं होतं.

आधी त्यानं ते पँटला पुसलं. मग सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं. मग माझ्या वहिनीनं, चित्स्केनं, दुधात भिजवलेल्या पावाचं पोटीस बांधलं. आमच्याकडे एवढं झालं की माणूस एक तर बरा होतो, नाही तर सवय होते.

त्या रविवारी माझ्यासमोरच तिनं ते पोटीस सोडलं.

पाव आत शिजला होता.

राखाडी, चिकट, आणि मधूनमधून हिरवा. त्यातून बोट बाहेर आलं ते बोटासारखं दिसत नव्हतं. सोललेल्या वामेसारखं दिसत होतं. नखाखालून काहीतरी पिवळं हळूहळू वर येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं... जणू बाहेर कोण आहे ते बघत होतं.

"हे कस्टर्ड कधी केलंस?" मी चित्स्केला विचारलं. माझ्या हातात वाटी होती.

"काल. का?"

"आणि बोट कोणत्या भांड्यात बुडवतोय हा?"

तिनं कस्टर्डच्या भांड्याकडे पाहिलं. मी वाटी खाली ठेवली.

"बघ, हे बघ," ती म्हणाली आणि तिनं डौवेची बाही वर सारली. मनगटापासून एक लाल रेघ वर निघाली होती. "चर्चला जाताना रेघ संपत होती तिथे मी पेनानं खूण केली होती. आता बघ कुठे गेलीय."

पेनाची खूण मनगटाजवळ होती. रेघ कोपराच्या दिशेनं अर्ध्या वाटेवर.

"रक्तात विष चाललंय. काखेत पोचलं की संपलं. माझा काका असाच गेला. उठ, डॉक्टरकडे चल."

"रविवारी?" डौवे म्हणाला. "एका बोटासाठी? दहा आहेत मला."

"डौवे."

"उद्या सकाळी जातो की. सोमवारी उघडतात ते."

तुम्हांला आमची माणसं माहीत नाहीत, म्हणून सांगतो. रविवारी आपापला डॉक्टर नसतो. आसपासच्या गावांतले डॉक्टर पाळीपाळीनं रविवार सांभाळायचे. फोन लावला की टेप बोलायची, आज अमक्या गावी जा, आणि तातडीचं असेल तरच जा. आता तातडीचं म्हणजे काय, हे टेप सांगत नसे. ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आणि वीटवेर्टमध्ये स्वतःला तातडीचा समजणारा माणूस आजवर जन्माला आलेला नाही. लोक मेले. पण तातडीनं कोणी मेलं नाही.

चित्स्केनं फोन लावला. टेपनं सांगितलं, आल्टर्प, डॉक्टर हेरेमा.

"कोट घाल," ती डौवेला म्हणाली. "आणि सीत्से, तू दुसऱ्या बाजूनं धर याला."

सीत्से म्हणजे मी. धरला.

गाडी तिनंच चालवली. आल्टर्पला डॉक्टरांच्या घराच्या बाजूला एक अरुंद दार होतं, तेच दवाखान्याचं. आम्हांला तिथे उतरवलं आणि तिला एकदम आठवलं.

"गॅसवर सूप ठेवून आलेय मी! समोर माझी चुलतबहीण राहते, तिच्याकडून शेजाऱ्यांना फोन करते. तुम्ही व्हा पुढे. आणि डौवे, आत गेल्यावर 'काही नाही' म्हणायचं नाही!"

"बरं."

"सीत्से, यानं 'काही नाही' म्हटलं तर तू बोल."

"बरं."

दोघांचंही 'बरं' खरं होतं. घात झाला तो आत जायच्या आधी.

आमच्याकडे डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत शिरताना दोन गोष्टी करायच्या असतात. सगळ्यांना नमस्कार म्हणायचं. आणि विचारायचं, "शेवटचं कोण?" जो शेवटचा असेल तो हात वर करतो किंवा 'मी' म्हणतो. आपण त्याच्यानंतर. बस्स. मग कोणी कोणाकडे बघायचं नाही. खोलीत बसून दुसऱ्याचं दुखणं न्याहाळणं आमच्यात शेजाऱ्याच्या खिडकीतून डोकावण्याइतकं वाईट.

भिंतीला लागून खुर्च्या होत्या. खाली तपकिरी लिनोलियम. आम्ही शिरलो तेव्हा एक म्हातारा कान धरून आतल्या दारानं डॉक्टरांकडे जात होता. त्याच्यामागे दार लागलं.

"सगळ्यांना नमस्कार. शेवटचं कोण?" डौवेनं विचारलं.

"मी."

कोपऱ्यातून आवाज आला. बाईचा. भला आवाज, थोडा थकलेला.

आम्ही मान हलवली आणि समोर बसलो. मी तिच्याकडे पाहिलं नाही. नजरेच्या कडेला जेवढं आलं तेवढंच. काळा कोट. गुडघ्यावर हात. एका पायात बूट... आणि दुसऱ्या पायाला बँडेज.

खूप बँडेज. उशीएवढं.

आता बझरचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. डॉक्टर हेरेमा कोणाला बोलवायला बाहेर येत नसत. टेबलाखाली बटण होतं. आधीचा माणूस पलीकडच्या दारानं घरी गेला की ते बटण दाबायचे, आमच्या खोलीत बझर वाजायचा, आणि ज्याचा नंबर तो उठून आत जायचा.

बझर वाजला.

कोणी उठलं नाही.

मी समोरच्या बुटाकडे पाहिलं. बूट हलला नाही.

"बाई," डौवे मृदूपणे म्हणाला, "तुमचा नंबर."

"हो हो. जाते मी." जरा थांबून, "एवढी काही घाई नाही म्हणा."

"आमचीही नाही."

"मग तुम्ही जाता का?"

"छे, छे. तुम्ही आधी आलात."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती घरची थोरली मुलगी आहे. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

मला वास आला तो तेव्हा.

आधी वाटलं डौवेचं बोट. पण त्या वासाची माझी ओळख झाली होती. हा निराळा होता. गोड. उन्हाळ्यात वामांचं पिंप झाकण लावून विसरलं आणि पुढच्या महिन्यात उघडलं तर जो भपकारा येतो, तो. आणि त्यावर कोणीतरी साखर पेरल्यासारखा. घशात जाऊन बसणारा. गिळला तरी खाली न जाणारा.

आणि आवाज...

टप.

मी जमिनीकडे पाहत होतो. जमिनीकडे पाहायला आमच्यात परवानगी आहे.

टप.

बँडेजच्या टाचेतून थेंब पडत होते. पाणी असं पडत नाही. हे आधी लोंबायचं, लांबायचं, मग तुटायचं.

बझर पुन्हा वाजला.

"बाई..."

"हो, ऐकू आलं मला. डॉक्टर दमले असतील हो. रविवार त्यांनाही असतो. आपलं काय, थांबू शकतो आपण."

"तेही खरंच," डौवे म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. खोलीत थंडी होती. त्याचा आजारी हात मांडीवर पडला होता आणि त्यावर एक माशी बसली होती.

नोव्हेंबरात माशी.

जाडजूड, निळी, ओल्या पायांची. ती बोटावर फिरली. पिवळ्यात तोंड घातलं. मग उडून समोर गेली, बँडेजवर बसली, एका घडीत शिरली... आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा एकटी नव्हती.

माझ्या तोंडात सकाळचं कस्टर्ड आलं. मी ते परत गिळलं. लोकांच्या दवाखान्यात ओकायचं नसतं.

बझर तिसऱ्यांदा वाजला. या वेळी लांब. जणू आत कोणी विचारत होतं, आहे का कोणी?

बाईंचे ओठ हलले. एवढंच मला नजरेच्या कडेनं दिसलं. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. प्रार्थना करत असतील, मला वाटलं.

मग आत खुर्ची सरकली. पावलं लांब गेली. एक दार लागलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ताटल्यांचा आवाज आला, आणि दाराच्या फटीतून वास. गोळ्यांचं सूप. जायफळ घातलेलं.

ते सूप आणि ती घाण माझ्या नाकात एकमेकांत मिसळली. तेव्हापासून मी जायफळ घरात ठेवत नाही.

"डौवे," मी हळूच म्हणालो, "डॉक्टर जेवायला बसले वाटतं."

"बसू दे."

"तुझी रेघ बघू."

त्यानं बाही वर केली नाही. मीच केली. रेघ कोपराच्या पुढे गेली होती. दंडावर चढून आत, काखेकडे वळली होती. हात तापलेल्या तव्यासारखा. त्याचे दात एकमेकांवर वाजायला लागले.

"सीत्से, त्या बाहीत शिरल्यात रे."

"कोण?"

"वामा. सगळ्या. वर चालल्यात."

"आपण दार ठोठवू या, डौवे."

तो माझ्याकडे वळला. हसला. आणि म्हणाला,

"एवढी काही घाई नाही म्हणा."

आवाज त्याचाच होता. बोलणं त्याचं नव्हतं. डौवे आयुष्यात कधी 'म्हणा' म्हणाला नाही.

समोर बूट किंचित हलला. समाधानानं हलतो तसा.

मी उठायला हवं होतं. पायात जोर नव्हता असं मी म्हणणार नाही. जोर होता. रीत नव्हती. बाई आमच्या आधीच्या होत्या, डॉक्टर जेवत होते, आणि माझा सख्खा भाऊ माझ्या खांद्यावर मान टाकून जळत होता. हे सगळं मला एकाच वेळी बरोबर वाटत होतं. ते आठवलं की मला त्या बँडेजपेक्षा स्वतःची जास्त किळस येते.

बाहेरचं दार धाडकन उघडलं.

"अरे देवा! इथेच बसलाय तुम्ही?"

चित्स्के. चुलतबहिणीनं तिला कॉफी पाजली होती. पहिला कप नाकारता येत नाही, दुसरा नाकारला तर बहीण वर्षभर बोलत नाही. तिला वाटलं होतं आम्ही केव्हाच आत गेलो असू.

"आमच्या आधी या बाई आहेत," मी कुजबुजलो.

"कोण बाई?"

मी कोपऱ्याकडे मान केली. बघितलं मात्र नाही.

"सीत्से, कॉफीऐवजी काय घेतलंस सकाळी? खोली रिकामी आहे!" ती तरातरा आली, डौवेचा चेहरा पाहिला, आणि ती मागची खुर्ची चाचपून मटकन बसली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत.

पचक्...

तो आवाज मी कधीही विसरणार नाही. पिकलेल्या फळाच्या करंडीत कोणी बसावं तसा.

चित्स्के ताठ झाली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं उठायचा प्रयत्न केला, तर खुर्ची थोडी तिच्याबरोबर वर आली. मग सुटली. खुर्ची आणि तिचा चर्चचा स्कर्ट यांच्यामध्ये पिवळ्या तारा ताणल्या गेल्या... आणि एकेक करून तुटल्या.

तिनं मागे हात लावला. हात समोर आणून पाहिला. बोटांना बँडेजचे धागे चिकटले होते.

ती लिनोलियमवर ओकली. मग तोंड पुसलं. आणि जे आल्टर्पच्या त्या खोलीत बहुधा कोणी कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. आतल्या दाराला लाथ घातली.

"हेरेमा! बाहेर या! माझा नवरा मरतोय इथे!"

डॉक्टर आले ते गळ्यात रुमाल आणि हनुवटीवर सुपातल्या शेवया घेऊन.

"हे काय, मी तर..." ते म्हणाले, आणि त्यांना डौवेचा दंड दिसला. डॉक्टरांनी रविवारी उच्चारू नये असा एक शब्द उच्चारला. इंजेक्शन दिलं. शहरातून गाडी यायची वाट पाहिली नाही. स्वतःच्या मोटारीत घालून, आपल्याच बिछान्यातल्या घोंगडीत गुंडाळून त्याला इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जननं दोन बोटं काढली. हात राहिला. डौवे राहिला.

"अजून एक कप कॉफी झाली असती," सर्जन चित्स्केला म्हणाला, "तर तुम्ही काळे कपडे शोधत असता."

तिनं स्कर्ट जाळला. म्हणजे जाळायचा प्रयत्न केला. तो पेटेना. शेगडीत नुसता चरचरत राहिला, आणि घरात पुन्हा तो गोड वास. शेवटी तिनं बांधापलीकडे चिखलात पुरला.

खरं सांगायचं तर गोष्ट इथे संपली असती तर मी ती कोणाला सांगितली नसती. खुर्चीवर आधीच्या पेशंटचा पू सांडला होता, मला बाई दिसली ती वासानं भोवळ आल्यामुळे, असं मी स्वतःला पटवलंही होतं. पटतं माणसाला. दोन-तीन आठवडे लागतात.

मग एका रविवारी मी डॉक्टरांची घोंगडी परत करायला गेलो. धुऊन, आणि सोबत डौवेनं धुरावलेल्या वामांची जुडी. त्या दिवशी पाळी पुन्हा त्यांचीच होती. मी पुढच्या दारानं गेलो. डॉक्टर जेवणाच्या टेबलाशी बसत होते, त्यांची बायको, मिन्के, सूप वाढत होती.

"बसा, सीत्से. सूप?"

"नको. जेवून आलोय," मी खोटं बोललो.

"भाऊ कसा आहे?"

"आता आठ बोटांचा आहे. म्हणतो, नखं कापायचा वेळ वाचतो."

डॉक्टर हसले. मग चमचा फिरवत म्हणाले, "माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. त्या दिवशी मी बझर वाजवला होता. तीनदा. तुम्ही आत का आला नाहीत?"

"आमच्या आधी एक बाई होत्या."

"ती कामवाली बाउक्ये असेल. पण मग तिनं असं का सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"नेहमीचंच. मी शेवटचा बझर वाजवला, आणि ती दारापलीकडून म्हणाली, 'नाही कोणी आता, डॉक्टर. जेवून घ्या.'"

माझ्या पाठीवरून काहीतरी ओलं सरकलं.

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे दर रविवारी. शेवटी बझर दिला की बाउक्ये सांगतेच की. खोली झाडायला येते ना ती. मला उठून बघावं लागत नाही. फार सोय आहे."

मिन्केनं सुपाची पळी खाली ठेवली.

"बाउक्ये रविवारी येत नाही," ती म्हणाली.

"येत नाही कशी? मी हा दवाखाना घेतला तेव्हापासून..."

"ती रविवारी दोनदा चर्चला जाते. झाडूला हात लावत नाही. कधीच आली नाही रविवारी."

घड्याळ टिकटिकत होतं. सुपावर चरबीचे गोल तरंगत होते. ते हळूहळू एकमेकांना चिकटून मोठे होत गेले.

"मग," डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं मी कोणाचं ऐकून जेवतोय?"

आणि तेव्हा मला आमच्या गावचा पाववाला आठवला, आउके. एका रविवारी पोट धरून आल्टर्पला आला होता आणि संध्याकाळी पायी परत आला. बायकोनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तो म्हणाला, नंबरच लागला नाही, माझ्या आधी कोणीतरी होतं, आणि एवढं काही नाही म्हणा. सोमवारचा पाव त्यानं भाजला नाही.

मी हे बोललो नाही. पण डॉक्टरही काहीतरी आठवत होते. त्यांचे ओठ हलत होते, एकामागून एक नावं घेतल्यासारखे. चेहरा मेणासारखा होत चालला होता.

"ती खुर्ची?" मी विचारलं.

"त्याच दिवशी फोडून टाकली. कोपरा रिकामा आहे."

"आज शेवटचा पेशंट गेला?"

"मघाशीच गेला. बझर दिला. बाउक्येनं..." ते थांबले. "आवाज आला. म्हणून तर जेवायला बसलो."

आम्ही तिघं उठलो. तपासायच्या खोलीत गेलो. बाहेरच्या खोलीचं दार बंद होतं. डॉक्टरांनी टेबलाखाली हात घातला, आमच्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

दारापलीकडे बझर वाजला.

शांतता...

काहीच नाही. डॉक्टरांनी श्वास सोडला. मला तर हसूसुद्धा यायला लागलं. तीन म्हातारी माणसं बंद दारासमोर कान देऊन उभी, आणि पलीकडे रिकाम्या खुर्च्या.

तेवढ्यात...

"नाही कोणी आता, डॉक्टर." अगदी दाराला तोंड लावून. भला आवाज, थोडा थकलेला. "जेवून घ्या."

आणि त्या आवाजाच्या मागे, खोलीतून, एक बारीकसा खोकला आला.

लहान मुलाचा. कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा. मग श्वास ओढल्याचा आवाज, शिट्टीसारखा, अर्ध्यावर अडकलेला.

डॉक्टरांनी दार उघडलं नाही, अंगानंच आत ढकललं.

खिडकीजवळ एक तरुण बाई बसली होती. कोट अंगात, मांडीवर शालीत गुंडाळलेली दोनेक वर्षांची मुलगी. मुलीचे ओठ निळे होते. गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत खोल जात होती. आणि आई ताठ, शहाण्यासारखी, जमिनीकडे बघत बसून होती.

"कधीपासून बसलीस, पोरी?" डॉक्टर ओरडले. "आत का नाही आलीस?"

ती गोंधळली. लाल झाली. तिनं कोपऱ्याकडे हात केला.

"पण... या बाई माझ्या आधीच्या आहेत ना?"

कोपऱ्यात खुर्ची नव्हती. कोणी नव्हतं. लिनोलियमवर एक पिवळा डाग होता. त्याची कड ओली होती, आणि आम्ही बघत असताना ती हळूहळू आईच्या बुटांकडे सरकत होती.

डॉक्टरांनी मुलगी उचलली आणि आत धावले. मिन्केनं आईला दंडाला धरून ओढलं. ती जाताना वळून कोपऱ्याला म्हणाली, "माफ करा हं." तशी आमची माणसं.

मुलगी वाचली. हे आधी सांगायला हवं होतं. थोडक्यात वाचली, पण वाचली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बझर उपटला, आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पेशंटला स्वतः बाहेर येऊन, हाताला धरून आत नेलं. लोक म्हणायचे, हेरेमा म्हातारपणी फार प्रेमळ झाले. कोणी काही विचारलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही.

पण त्या दिवशी सगळे आत गेल्यावर त्या खोलीत शेवटचा मी उरलो होतो.

मी नाकावर बाही धरून दार ओढून घेत होतो. फट बोटभर राहिली होती. वास असा आला की जणू कोणीतरी माझ्याजवळ येऊन उभं राहिलंय, अगदी अदबीनं, एका पायावर भार देऊन.

टप.

"अहो," फटीतून आवाज आला. तक्रार नव्हती त्यात. नुसतं विचारणं होतं, आपल्या माणसानं विचारावं तसं. "मग माझा नंबर कधी?"

मी दार लावलं.

आमच्याकडे कोणी सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं असतं. न देणं फार वाईट दिसतं.

ते उत्तर अजून राहिलंय.